हौसेराव आणि वजावट नसलेला खर्च

हौसेरावचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. कोपरखैरण्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्याच्या मोरीत तांब्या वाजला की मी उठायचो. चहा घेऊन सायकली काढायच्या आणि तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केट गाठायचं. आम्ही पोचेपर्यंत नाशिकच्या गाड्या लागलेल्या असायच्या.

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. बरीच माणसं काम करताना दिसतात, पण त्यातलं अर्धं काम नुसतं दिसण्यापुरतं असतं. हौसेरावचं तसं नव्हतं. तो गोणी घेऊन निघाला की मध्ये थांबायचा नाही, बोलायचा नाही आणि थप्पीवर गोणी अशी ठेवायचा की पुन्हा हात लावून सरळ करावी लागायची नाही. त्यानं लावलेली थप्पी लांबूनही ओळखू यायची. भिंतीसारखी उभी असायची.

माथाडीच्या कामातल्या दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला माहीत नसतात. त्या सांगितल्याशिवाय हौसेराव कळणार नाही.

पहिली अशी, की पाठीवरची गोणी कुणी स्वतः चढवत नाही. दोघं दोन बाजूंनी उचलतात आणि वाकलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात. त्याला हात देणं म्हणतात. हात देणाऱ्याचे कुणी उपकार मानत नाही, कारण पुढच्या गोणीला तो वाकलेला असतो आणि आपण हात देत असतो.

दुसरी अशी, की ज्याच्या पाठीवरून गोणी सुटून फुटली, त्यानंच कांदे वेचायचे. सगळे. गाडीखाली गेलेलेसुद्धा. तोवर टोळी थांबते. कुणी शिव्या देत नाही, कुणी मदतही करत नाही. हौसेरावची गोणी माझ्या देखत एकदाच फुटली. पावसाळ्यात, चिखलात. त्यानं शेवटचा कांदा गटाराच्या कडेवरून उचलून आणला, धुतला आणि गोणीत टाकला. व्यापारी म्हणाला, "अरे, राहू दे की एक." हौसेराव म्हणाला, "एक न्हाय सोडला, म्हनून गोनी पुरी हाय."

त्याच मार्केटात त्याची धाकटी बहीण वेणूबाई लसूण निवडायला बसते. नवरा गेल्यावर जावळी तालुक्यातून ती भावाकडे आली, पण भावाच्या घरात राहिली नाही. तुर्भ्यात खोली घेतली. सूप पुढ्यात घेऊन बसली की तिचे हात आणि तोंड बरोबरच चालतात. मागच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. दवाखान्याचं बिल भरायला गाळ्यावरच्या लोकांनी वर्गणी काढली. बरी होऊन आली ती वेणूबाई गप्पच होती. नंतर सहा महिने लसूण निवडून तिनं प्रत्येकाची वर्गणी परत केली. ज्यानं घेतली नाही, त्याच्या घरी लसूण पाठवला. म्हणायची, "आता आजारी पडायचं तर नीट विचार करून पडायला पायजे."

भाऊ-बहीण एकाच मातीचे.

हौसेराव साठीला निवृत्त झाला. तोवर त्याचे कान गेले होते. गोणी घेऊन चालणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, फक्त स्वतःचे पाय दिसतात. तो कानांनी चालतो. हॉर्न, हातगाडीचं चाक, "बाजू, बाजू" अशी हाळी. हौसेरावनं कानांकडून इतकं काम करून घेतलं की ते थकले असावेत. डॉक्टरनं वेगळं कारण सांगितलं होतं, पण मला हेच पटतं.

बहिऱ्या माणसाची एक खोड असते. तो हसून मान हलवतो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हौसेराव असाच दोन तास मान हलवत बसला. शेवटी टाळ्या वाजल्या, त्यानंही वाजवल्या. घरी आल्यावर कळलं की पाण्याची टाकी साफ करून घ्यायचं वर्षभराचं काम त्यानं आनंदानं स्वीकारलं आहे. त्याची बायको पुतळाबाई मला म्हणाली, "भैरूभावजी, उद्या ह्यांना कुणी नगरसेवक केलं तर मला आधी सांगा. साडी घ्यायला लागंल."

त्यानं टाकीचं काम मात्र वर्षभर केलं. अशी साफ की तिच्यात तोंड दिसावं.

हे विनोदाचं झालं. पण निवृत्त झाल्यावरही तो सवयीनं माझ्याबरोबर मार्केटात यायचा, आणि एका सकाळी तिथल्या गेटाशी मागे येणारा टेम्पो त्याच्या कोपराला घासून गेला. पोरं ओरडत होती, त्याला ऐकूच आलं नाही. वेणूबाई सुपातला लसूण टाकून धावत आली आणि भावाला सगळ्यांसमोर झापलं. तो हसून मान हलवत राहिला. तेव्हा ती रडली. ते मात्र त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "भैरू, कानाचं यंत्र घेतो. पन माझ्या मजुरीच्या पैशानं."

ही अट त्यानं घरातही घातली. त्याचा मुलगा धनाजी ऐरोलीला कंपनीत आहे. पगार चांगला, खारघरला फ्लॅट, त्याचं कर्ज. सून स्मिता वाशीला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. दोघंही म्हणत होती, आबा, आम्ही घेतो. आबा म्हणाला, "मी कधी कुनाच्या पाठीवर बसलो न्हाय. आता कानासाठी बसू?" शेवटच्या काही महिन्यांची मजुरी त्यानं बँकेतून न काढता वेगळी ठेवली होती. कशासाठी, ते ठरलेलं नव्हतं. शेवटची मजुरी कशात तरी चांगली लागावी, एवढंच त्याच्या मनात होतं. आता ठरलं.

वाशीला चारुलताबाईंचं कानाच्या यंत्रांचं केंद्र आहे. बाई शांत, कामाला पक्क्या. त्यांनी हौसेरावला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कानात यंत्र घातलं आणि हळूच विचारलं, "आजोबा, जेवलात का?"

हौसेराव दचकला. म्हणाला, "एवढ्या हळू बोलता, तरी ऐकू येतं?"

दोन्ही कानांची जोडी शेहेचाळीस हजारांची. बाईंनी सांगितलं, आठवडाभर वापरून बघा, जमलं नाही तर परत आणा, पैसे परत मिळतील. धनाजीनं फोनवरून बाईंना कळवलं की शनिवारी मी येऊन पैसे भरतो.

हौसेरावनं हे ऐकलं. आता त्याला ऐकू येत होतं ना! शुक्रवारी सकाळी बँक उघडताच तो रांगेत उभा राहिला. मी बरोबर होतो. बँकेतल्या पोरानं विचारलं, "काका, एवढी कॅश कशाला? मशीनवाल्यांना डायरेक्ट पाठवा ना."

हौसेराव म्हणाला, "पाठवलं तर गेलेलं कळत न्हाय. हातानं दिलं की वजन कळतं."

ते मला पटलं होतं. आमची सगळ्यांची हीच सवय. मजुरी माथाडी बोर्डाकडून बँकेत जमा होऊ लागली, तरी ती काढून हातात घेतल्याशिवाय ती मिळाली असं वाटत नाही. चारुलताबाईंच्या टेबलावर त्यानं नोटा ठेवल्या. बाईंनी बिल दिलं. जिना उतरताना तो मुलाशी पैज जिंकून आल्यासारखा चालत होता.

"शनिवारी येऊन बघ म्हनावं," तो म्हणाला. "गाडी खाली झालेली असंल."

त्या संध्याकाळी त्यानं पुतळाबाईबरोबर मलाही खारघरला जेवायला नेलं. धनाजीच्या दारातच त्यानं बिल पुढे केलं. धनाजी हसला, कपाळाला हात लावला. "आबा, तुम्ही ऐकणारच नाही."

"आता ऐकतोय की. दोनी कानांनी."

सगळे हसले. स्मितानं बिल हातात घेतलं आणि तिचं हसू थांबलं.

"आबा, रोख दिलेत?"

"मग काय, उधार?"

स्मितानं बिल टेबलावर ठेवलं. बोलावं की नाही, असा विचार केला. मग धनाजीकडे बघून म्हणाली, "जाऊ दे. झालं ते झालं."

हौसेराव म्हणाला, "पोरी, बोल. ह्या यंत्राचे पैसे मोजलेत मी. वाया घालवू नगंस."

मग ती बसली आणि सांगितलं. साधं सांगितलं, मलाही कळलं. धनाजीच्या पगारातून दरवर्षी आयकर कापला जातो. घराचं कर्ज असल्यामुळे तो जुन्या पद्धतीनं कर भरतो. त्या पद्धतीत आई-वडिलांच्या तब्येतीवर केलेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. आई-वडिलांचा आरोग्य विमा असेल तर त्याचा हप्ता. ते साठीच्या पुढचे असतील आणि विमा नसेल, तर औषधपाण्याचा खर्च. वर्षाला पन्नास हजारांपर्यंत. हौसेरावचा विमा नव्हता. धनाजीच्या ऑफिसच्या विम्यात आई-वडील बसत नव्हते. म्हणजे हे यंत्र अगदी बरोबर बसत होतं. पण दोन गोष्टी लागतात. पैसे मुलानं स्वतः भरलेले पाहिजेत आणि रोख भरलेले चालत नाहीत.

"म्हंजे दोनी चुकल्या," हौसेराव म्हणाला.

"दोन्ही."

"कितीचा फटका?"

धनाजी मध्ये पडला. "आबा, सोडा ना. टेन्शन नका घेऊ. मीच सांगायला पाहिजे होतं."

"कितीचा?"

स्मिता म्हणाली, "चौदा हजारांच्या आसपास कर वाचला असता."

हौसेरावनं ताट थोडं मागे सारलं. पुढ्यात आमटी निवत होती. पुतळाबाई म्हणाली, "जेवा आधी." त्याला ऐकू आलं होतं, तरी त्यानं हात लावला नाही. मी त्याला ओळखतो. त्याच्या डोक्यात पैसे नव्हते. पोराला हात द्यायला तो पुढे झाला होता आणि त्याच्याच हातून गोणी फुटली होती.

थोड्या वेळानं स्मिता म्हणाली, "एक रस्ता आहे, आबा. यंत्र ट्रायलवर आहे. ते उद्या परत करायचं, रोख परत घ्यायची. मग यांनी विकत घ्यायचं आणि यांच्या खात्यातून पैसे भरायचे. मार्च संपायला तीन दिवस आहेत. एकतीसच्या आत झालं तर यंदाच्या वर्षात धरता येईल."

"मग यंत्र धनाजीच्या पैशाचं झालं."

"हो."

"मग नगं."

धनाजी म्हणाला, "नको तर नको. जेवा." पण हौसेरावची अडचण तिथंच होती. गोणी फुटल्यावर कांदे वेचायलाच हवेत. आणि वेचायचे तर अट मोडावी लागते. परत येताना रिक्षात तो बिलाची घडी उघडत आणि मिटत राहिला. घराशी आल्यावर म्हणाला, "भैरू, ह्यात काय बरोबर हाय रं?" मी म्हणालो, "मला कराचं काय विचारतोस? उद्या वेणूला विचार."

शनिवारी पहाटे मोरीत तांब्या वाजला. आम्ही सायकली काढल्या. वेणूबाई गाळ्यापुढे पोत्यावर बसून लसूण पाखडत होती. हौसेरावनं यंत्र डबीत घालून खिशात ठेवलं होतं. परत करायचं असेल तर जास्त वापरलेलं बरं नाही, असं त्याचं मत. त्यामुळे वेणूबाईला ओरडून बोलावं लागलं आणि सगळ्या गाळ्यानं ऐकलं.

त्यानं सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"दादा, तू एवढी वर्सं गोन्या वाहिल्यास ना?"

"व्हय."

"पाठीवर कोन चढवायचं?"

"टोळीतली मानसं. दोघं."

"मग त्या गोन्या कुनी वाहिल्या? तू का त्यांनी?"

"मी."

"मग! पोरगा एका बाजूनं हात देतोय, सरकार दुसऱ्या बाजूनं देतंय. वाकायचं सोडून तू दोघांशी भांडत बसलायस. तुझ्यासारखा मानूस टोळीत असता तर तूच त्याला हाकलला असतास!"

शेजारच्या गाळ्यावरचा हमाल ओरडला, "वेणूताई, माझाबी टॅक्स सांगा की!"

"तुझा कसला टॅक्स? तुझी तंबाखूची उधारी फेड आधी!"

गाळा हसला. हौसेरावला हसण्याचं कारण ऐकू आलं नाही, पण बहिणीचं बोलणं पोचलं होतं. कारण तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "भैरू, दुकान किती वाजता उघडतं?"

दहाला आम्ही वाशीत होतो. स्मिता तिच्या ऑफिसातून तासाभराची सुट्टी घेऊन आली होती. चारुलताबाईंनी यंत्र तपासलं, जुनं बिल रद्द केलं आणि नोटा परत दिल्या. हौसेरावनं त्या सदऱ्याखालच्या कोपरीच्या आतल्या खिशात ठेवल्या. आता धनाजीनं यायचं होतं. तेवढ्यात त्याचा फोन आला. वर्षअखेरीचं काम म्हणून शनिवारीही सगळ्यांना ऑफिसात बोलावलंय, निघता येत नाही.

बाई म्हणाल्या, "मग सूनबाई भरतील ना. एकच घर."

स्मितानं फोन काढलासुद्धा होता. तो तिनं परत पर्समध्ये ठेवला. "नाही बाई. सासऱ्यांच्या खर्चाची वजावट मला मिळत नाही. ज्यानं भरलं, त्याचे ते आई किंवा वडील असावे लागतात."

हौसेराव मला हळूच म्हणाला, "काय म्हनली?" कान पुन्हा रिकामे होते. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "सुनेचा सासरा चालत न्हाय!"

बाहेर बसलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. स्मिता हसून लाल झाली. "भैरूकाका, असं नाही हो. माझा सासरा चालतो. आयकरात चालत नाही."

चारुलताबाईंनी धनाजीच्या फोनवर पैसे भरायची लिंक पाठवली. आम्ही वाट बघत बसलो. धनाजी मीटिंगमध्ये. हौसेराव काचेआडच्या यंत्राकडे बघत होता. त्याला एकदा ऐकू आलेलं होतं, हे लक्षात घेतलं पाहिजे. न ऐकण्याची सवय असते, ती मोडल्यावर परत लागत नाही. तो बाकावरून उठला, दारापर्यंत गेला, परत आला. गाडी उशिरा आली तर आम्ही असेच फिरायचो.

शेवटी बाईंचा फोन वाजला. पैसे आले होते. धनाजीच्या खात्यातून, पूर्ण. बाईंनी नवं बिल केलं, पेशंटच्या जागी हौसेरावचं नाव, पैसे भरणाऱ्याच्या जागी धनाजीचं. स्मितानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि फाईलमध्ये घातलं. काम पक्कं करते पोरगी. मी कुणाला उगाच पक्कं म्हणत नाही.

यंत्र कानात गेलं. हौसेराव म्हणाला, "वेचले. समदे वेचले."

आता त्याच्या कोपरीत शेहेचाळीस हजार होते आणि ते त्याला टोचत होते. रविवारी धनाजी-स्मिता कोपरखैरण्याला जेवायला आले. हौसेरावनं नोटा धनाजीपुढे ठेवल्या. "घे. तुझे तू भरलेस. आता माझे तू घे. फिटंफाट."

धनाजीआधी स्मिता बोलली. "नाही आबा. मग खर्च तुमचाच झाला. कागदावर यांचा आणि खिशातून तुमचा. ते खरं नाही होत."

हौसेरावनं नोटा लगेच मागे ओढल्या. "बरोबर. थप्पी एकानं लावायची आन् नाव दुसऱ्याचं, हे आमच्यातबी चालत न्हवतं." मग विचार करून म्हणाला, "मग पुतळाचा विमा काढू. त्याचा हप्ता मी भरतो."

"आईंचा विमा काढायचाच आहे," स्मिता म्हणाली. "तुमचाही. एप्रिलपासून नवं वर्ष लागतं. पण तो हप्ताही यांनीच भरायचा. वजावट मिळते."

"त्याचीबी?"

"हो."

"मग आमची दोघांची तपासनी करू. रक्त, साखर, समदी. ती मी करतो. रोख."

स्मिता हसू दाबत म्हणाली, "आरोग्य तपासणी रोखीतसुद्धा चालते, आबा. पाच हजारांपर्यंत. पण मुलानं भरली तर त्याला मिळते."

हौसेरावनं पुतळाबाईकडे बघितलं. "ह्या घरात मला पैसे खर्च करायला बंदी हाय का?"

पुतळाबाई म्हणाली, "मला साडी घ्या की. त्याला कुठं सवलत हाय?"

"मी नगरसेवक झाल्यावर." हे त्याला कसं कळलं, मी विचार केला. मग आठवलं, तो किस्सा मी आदल्याच रात्री घरी पुन्हा सांगितला होता, आमच्या भिंती पातळ आहेत आणि आता त्याला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. पुतळाबाईनं लाटणं दाखवलं.

त्यानं नोटा पुन्हा मोजून नीट रचल्या. मग त्यानं विचारलं, "स्मिता, समज एखाद्यानं बहिनीचा विमा भरला. तर?"

"बहिणीचा?" ती म्हणाली. "बहीण नाही धरत आबा. स्वतः, नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं, आई, वडील. बस्स. भाऊ-बहीण नाही."

"भावाला कायबी मिळत न्हाय?"

"काहीच नाही."

"आन् भाच्याला? आत्याचा विमा धनाजीनं भरला तर?"

"त्यालाही नाही."

"तिचं लेकरूबाळ न्हाय. म्हंजे कुनालाच न्हाय?"

"कुणालाच नाही, आबा."

"रोख दिले तर चालतील?"

"विमावाले घेतात. सवलत नसली की रोख काय आणि चेक काय."

बाकी माणसांचा चेहरा सवलत मिळाल्यावर फुलतो, तसा हौसेरावचा फुलला. मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "मग हे माझं! ह्याला कुनी हात लावायचा न्हाय. सरकारनंसुदीक!"

कोपरखैरण्यातच विश्वजित म्हणून विम्याचा एजंट आहे. सोमवारी आम्ही त्याच्याकडे गेलो. त्यानं वेणूबाईचं वय विचारलं, साखर-बीपी विचारलं. तिला बीपीची गोळी चालू आहे, हे हौसेरावनं आधी सांगितलं. विश्वजित म्हणाला, लिहिलं की हप्ता थोडा वाढेल. हौसेराव म्हणाला, "वाढू दे. वजन लपवून गोनी हलकी होत न्हाय." विश्वजितनं हेही सांगितलं, की बीपीसारख्या आधीच्या दुखण्याला पहिली काही वर्षं थांबावं लागेल, बाकी आजारांना एवढं थांबावं लागत नाही. हौसेरावनं प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला. आता ऐकू येत असल्यामुळे विश्वजितला सुटका नव्हती. नेहमी दहा मिनिटांत उरकणारं काम त्यानं सकाळभर केलं आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "काका, मलाही आज नीट कळलं."

वेणूबाईची तपासणी व्हायला हवी होती. तिला खरं सांगितलं असतं तर ती आली नसती. पुतळाबाई तिला म्हणाली, "वन्सं, मला एकटीला सुई टोचून घ्यायची भीती वाटते. बरोबर चला." दोघी टोचून घेऊन आल्या. सही घ्यायला विश्वजित मार्केटात गेला, तेव्हा मात्र तिला कळलं. ती सही करेना. मग हौसेराव गेला नाही, पुतळाबाई गेली. काय बोलली माहीत नाही. सही झाली.

हप्ता भरल्यावर शेहेचाळीसातले काही हजार उरले. पुढच्या वर्षीच्या हप्त्याला, म्हणून हौसेरावनं ते बँकेत ठेवले. पहिल्यांदाच मी त्याला बँकेत पैसे भरण्याच्या रांगेत बघितलं.

पाडव्यानंतर पॉलिसीचा कागद आला. हौसेराव पहाटे उठला, दोन्ही कानांत यंत्रं घातली, इस्त्रीचा सदरा घातला. आम्ही सायकलीवर मार्केटात गेलो. वाटेत तो मला दर थोड्या वेळानं सांगत होता, हा बेडूक, ही पामबीच रस्त्यावरची गाडी, ही तुझ्या सायकलची चेन, तेल घाल तिला.

वेणूबाई लसूण पाखडत होती. हौसेराव तिच्यापुढे उकिडवा बसला आणि कागद व पावती तिच्या सुपात ठेवली, निवडलेल्या लसणावर.

"हे काय?"

"ओवाळनी."

"भाऊबीज दिवाळीत असती."

"आगाऊ."

ती कागदाकडे बघत राहिली. मग नेहमीचा आवाज चढला. "दादा, हे मला नगं. मी सही केली ती वहिनीच्या तोंडाकडं बघून. पैसे तू परत घे. मी काय भिकारी हाय? मी माझं माझं—"

"मागं तुझी वर्गनी झाली," हौसेराव म्हणाला, "तवा तू म्हनलीस, आजारी पडायचं तर विचार करून पडायला पायजे. आता विचार न करता पड."

"तुझी मजुरी हाय ती!"

"व्हय. शेवटची."

"मग मला कशाला? माझं काय—"

"तूच म्हनलीस न्हवं, पाठीवर कोन चढवायचं? वाक आता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यामुळे ती आणखी जोरानं बोलू लागली. गाळ्यावरची माणसं जमली. तंबाखूच्या उधारीवाला सगळ्यात पुढे. हौसेरावनं तिचं बोलणं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग उजव्या कानातलं यंत्र काढलं, डाव्या कानातलं काढलं, दोन्ही डबीत घातली, डबी खिशात ठेवली आणि हसून मान हलवत बसला.

वेणूबाई ओरडत राहिली. शेवटी दमली, हसली, पदरानं डोळे पुसले. सुपातला कागद उचलून त्याला चिकटलेली लसणाची सालं फुंकून उडवली, घडी केली आणि चोळीत ठेवला.

हौसेरावच्या शेवटच्या मजुरीतून वेणूबाईच्या विम्याचा पहिला हप्ता भरला गेला. त्याची वजावट कुणालाच मिळाली नाही.